सातचे पावणेसहा

मी वीज विकत घेते. हे मी फारशी कोणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे लाइट बिल भरतेस?" एकदा आत्याला सगळं नीट समजावून सांगितलं. बाजार कसा चालतो, बोली कशी लावतात, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, आमच्याकडे दर शनिवारी लाइट जाते, तेवढं बघ."

तेव्हापासून मी लग्नातल्या ताटांचं उदाहरण देते. मोठ्या कारखान्यांना हल्ली वीज नेहमीच्या कंपनीकडूनच घ्यावी लागत नाही. बाजारात बोली लावून दुसऱ्या दिवसाची वीज घेता येते. फक्त ती आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत सांगायची, आणि पाव-पाव तासाची वेगवेगळी सांगायची. उद्या सव्वासहा ते साडेसहा किती लागेल, साडेसहा ते पावणेसात किती लागेल. केटररला ताटं सांगतो तसंच. ताटं जास्त सांगितली आणि पाहुणे आले नाहीत, तरी पैसे जातात. कमी सांगितली आणि पाहुणे वाढले, तर केटरर ऐनवेळच्या ताटाला वाटेल तो दर लावतो. माझं काम पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांची ताटं मोजण्याचं.

मी इंग्लिश मीडियमची. सव्वा, साडे, पावणे यांच्याशी शाळेत माझं कधी जमलं नाही. घरी कुणी "पावणेपाचला ये" म्हटलं की मी हमखास पावणेसहाला पोचायचे. या नोकरीत आल्यावर लक्षात आलं की मराठी माणसानं दिवसाचे पाव-पाव तासाचे तुकडे वीजबाजाराच्या कितीतरी आधी करून ठेवलेत. मग मी ते पाठ केले.

आमचं ऑफिस सातपूरला, एका प्रेस-शॉपच्या वर. खाली पत्रा कापला की वर माझ्या कपातला चहा थरथरतो. ऑफिसात आम्ही तिघं. सर आधी सरकारी वीजखात्यात इंजिनिअर होते. घरची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतला, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट द्राक्षांशिवाय सांगता येत नाही. "वीज म्हंजे द्राक्षच हाय गं. आजचा माल आजच गेला पाहिजे. ठेवता येत नाय." दुसऱ्या मार्केटिंगच्या ताई. त्या दिवसभर कारखान्यांमधून फिरून मालकांना पटवतात. ताई अनोळखी वॉचमनलाही दोन मिनिटांत "दादा, मुलगी आता कितवीला?" विचारू शकतात. तिसरी मी.

इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं होतं, "बोलता कमी वाटतं तुम्ही?"

"हो."

"बरंय. आम्ही दोघं लय बोलतो. तिसऱ्याला चान्स नाय मिळायचा."

मला इतकी चांगली ऑफर कुणी कधी दिली नव्हती. मी फोन करायच्या आधी काय बोलायचं ते मनात चार वेळा म्हणून बघणारी मुलगी आहे. रिक्षावाल्याला सुट्टे मागण्यापेक्षा मी एक स्टॉप आधी उतरून चालत जाते. इथे मला फक्त विजेच्या वापराचे आलेख बघायचे होते, आणि आलेख उलटून काही विचारत नाहीत.

सातपूरचे आलेख मी लवकर शिकले. पहिली पाळी सातची असेल तर सातला काही होत नाही. सातला माणसं गेटातून आत येतात. मग गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती, मग चहा, मग तंबाखू मळणं, मग कालच्या मॅचवर दोन शब्द, आणि मग मशीन. "आपल्याकडं सात म्हंजे साडेसात," हा सरांचा पहिला धडा. पत्रिकेत बारा पस्तीसचा मुहूर्त असेल तर अक्षता किती वाजता पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला नाशिकची वीज विकत घेता येते. मी प्रत्येक वेळ दोन घरं पुढे सरकवायचे आणि माझी ताटं बरोबर यायची.

मग लष्कराचं काम आलं.

नाशिकच्या आसपास लष्कराच्या जागा एकाहून जास्त आहेत. त्यातली ही कुठली, ते मी सांगणार नाही. घरीही सांगितलं नव्हतं. आईनं मात्र माझ्या गप्प बसण्यावरूनच ओळखलं आणि आमच्या सोसायटीत सांगून टाकलं की मुलगी मिलिटरीत लागली. आठवड्यात मामांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली करून म्हणाले, "कॅन्टीनमधून काही मिळतं का गं? रम वगैरे?"

काम आधी तीन महिन्यांच्या चाचणीवर मिळालं होतं, थंडीचे तीन महिने. त्या काळात माझा अंदाज ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर फार वेळा गेला तर काम दुसऱ्याला. सरांना वाटलं, यात अवघड काय? शिस्तीचे लोक, ठरलेला दिनक्रम. आणि रोजच्या दिवसांत तसंच होतं. छावणीचा आलेख रोज इतका सारखा यायचा की पहिल्या आठवड्यात मला वाटलं मशीनच अडकलंय.

घोटाळा व्हायचा तो कार्यक्रमाच्या दिवशी. कसला कार्यक्रम, ते विचारायचं नाही. कोण येणार, ते तर नाहीच. आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या इंजिनिअरिंग ऑफिसकडून एका ओळीचा इंग्रजी मेल यायचा: उद्या सात वाजल्यापासून जादा भार. बस. परेड आहे, पाहणी आहे की कुणाचा निरोप, देव जाणे. मला एवढंच कळायचं की हजारो माणसं आंघोळ करणार, पंप चालणार, लंगरमध्ये रांधायला सुरुवात होणार आणि मैदानावरचे मोठे दिवे लागणार.

पहिल्या मेलला मी सातपूरच्या सवयीनं सातचे साडेसात केले. छावणी साडेसातपर्यंत नाश्ता करून मोकळी झाली होती. आलेख सहाच्याही आधी चढला होता. जेवायला पाहुणे हजर, ताटांचा पत्ता नाही. आणि नंतर ताटं आली तेव्हा जेवायला कुणी नाही.

सातच्या कामाला कुणी सहाच्या आधी कशाला उठेल, तो एक दिवस अपवाद असेल असं समजून दुसऱ्या मेलला मी सात म्हणजे सातच धरले. तरी चुकलं. तिसऱ्याला साडेसहा. तरी चुकलं. मी हे तीन अंदाज एकाखाली एक ठेवून बघत बसले होते तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम," सर म्हणाले. खूश असले की ते मला "बाळ" म्हणतात. मॅडम म्हणाले की समजायचं. "आपल्या ताई लग्न करून पुण्याला चालल्यात, माहितीये ना?"

"हो सर. पत्रिका मिळाली."

"मार्केटिंगचं टेबल मोकळं होतंय. हे मिलिटरीचं काम टिकलं तर तुमचं टेबल ऱ्हाईल. नाय टिकलं तर आलेखाला वेगळा माणूस मला परवडत नाय. मग तुम्ही मार्केटिंग बघा. चांगलंय की, फिरायला मिळतं."

ताईंनी लगेच मला शिकवायला घेतलं. "सोपं असतं गं. आत शिरायचं, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, काय शेठ, आज चहा नाही का पाजणार?" त्यांनी हे माझ्याकडून म्हणून घेतलं. मी म्हटलं तेव्हा ते शोकसंदेशासारखं ऐकू आलं, असं त्याच म्हणाल्या. त्या रात्री स्वप्नात मी एका मालकाच्या केबिनबाहेर उभी होते आणि खुर्ची जमिनीत पक्की बसवलेली होती. ओढताच येत नव्हती.

तिसरा महिना संपत आला तेव्हा छावणीतून बोलावणं आलं. ब्रिगेडियरसाहेबांना आमच्या चुकांचा खुलासा हवा होता. जायच्या दिवशी सकाळी मेलही आला: उद्या सातपासून जादा भार. म्हणजे उद्याचा दिवस चुकला तर मर्यादा ओलांडणार, हे मला आणि सरांनाही कळत होतं.

सरांनी मला आदल्या संध्याकाळी बजावलं होतं, "दहाला गेटवर पाहिजे. मिलिटरी हाय, आपला कारखाना नाय." मी लाजाळू माणूस, उशिरा पोचून सगळ्यांच्या नजरा झेलण्यापेक्षा मी नेहमी आधी जाऊन कोपरा धरते. म्हणून पावणेदहालाच पोचले. गेटजवळच्या खोलीत एक बाक होता. तिथे एक सुभेदारसाहेब आधीच उभे होते. मिशा इस्त्री केल्यासारख्या.

"बसा ताई, अजून टाइम शे," ते म्हणाले. 'आहे'ला 'शे', म्हणजे सटाण्याकडचे असणार. फोन आणि लॅपटॉप आत जाताना इथेच जमा करायचे होते, पण साहेबांचं बोलावणं येईपर्यंत ठेवायला हरकत नव्हती. थोड्या वेळानं सर आले, घामाघूम. सर कुठेही वेळेवर आलेले मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनाही ते सोसत नव्हतं.

"साहेब, दहा वाजले," सर म्हणाले. "चला आत?"

"मी तर तुम्हाला सव्वादहा सांगितलं होतं," सुभेदार म्हणाले.

"हो, पण म्हटलं आपलं जरा आधी असावं."

"बरोबर. मलाबी मेजरसाहेबांनी साडेदहा सांगितलंय. म्हणून मी तुम्हाला सव्वादहा सांगितलं."

सर आणि सुभेदार एकमेकांकडे कौतुकानं बघत राहिले. मी मनात प्रश्न म्हणून बघितला. चार वेळा. मग म्हटलं, "मेजरसाहेबांना किती वाजता सांगितलं होतं?"

"पावणेअकरा. कर्नलसाहेबांनी."

"आणि कर्नलसाहेबांना?"

"ब्रिगेडियरसाहेबांनी अकरा." सुभेदारांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का हो ताई? काही चुकलं का?"

काहीच चुकलं नव्हतं. अकराचे पावणेअकरा, पावणेअकराचे साडेदहा, साडेदहाचे सव्वादहा. सव्वादहाचे सरांनी दहा केले, दहाचे मी पावणेदहा. पाच माणसं, प्रत्येकी पाव तास. आम्ही दोघं बाहेरचे, तरी गेटवर पोचायच्या आत रांगेत लागलो होतो, आणि मी सगळ्यात खालचा जवान.

मी लॅपटॉप उघडला. कार्यक्रमाच्या तिन्ही दिवसांचे आलेख काढले. इतके दिवस मी फक्त चढ बघत होते. तो चढ नव्हता, जिना होता. पाव-पाव तासाच्या पायऱ्या. सात वाजता काहीच हलत नव्हतं, कारण सातपर्यंत फक्त ब्रिगेडियरसाहेब यायचे राहिलेले असायचे. मी उद्याच्या सातचे पावणेसहा केले, पायऱ्या घातल्या आणि बोली पाठवून दिली. मग लॅपटॉप बंद करून खिडकीत जमा केला. आयुष्यात पहिल्यांदा मला एका बाकाबद्दल आपुलकी वाटली.

आत सरांनी सुरुवात केली. सरांचं इंग्रजी चांगलं आहे, पण ते घाबरले की त्यात द्राक्षं येतात. ब्रिगेडियरसाहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंदाज बांधतं कोण?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. उजवीकडून डावीकडे कर्नल, मेजर आणि दाराशी सुभेदार अशी रांग होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी इंग्रजीत बोलले. इंग्रजीत मला एक फायदा असतो, तिथे मी कुणीतरी दुसरीच असते. म्हटलं, "सर, तुम्ही सात म्हणता. कर्नलसाहेबांकडे त्याचे पावणेसात होतात, मेजरसाहेबांकडे साडेसहा, सुभेदारसाहेबांकडे सव्वासहा, हवालदारांकडे सहा. आणि कुणाला सगळ्यात शेवटी पोचायचं नसतं, म्हणून जवानांकडे पावणेसहा. तुमचे सात वाजतात तेव्हा छावणीत पाहुणे जेवून उठलेले असतात." शेवटचं वाक्य ताटांच्या उदाहरणातलं होतं. ते त्यांना सांगितलेलंच नव्हतं, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

ब्रिगेडियरसाहेबांनी कर्नलकडे बघितलं. कर्नलनी मेजरकडे. मेजरनी सुभेदारांकडे. सुभेदारांना बघायला खाली कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग ब्रिगेडियरसाहेब हसले. एकटेच. थोड्या वेळानं हुद्द्याप्रमाणे बाकीचे हसले. सर सगळ्यात शेवटी.

"म्हणजे मी एवढी वर्षं थंडीत माणसांना उगाच उठवतोय," साहेब म्हणाले. मग हसू थांबलं. "उद्यापासून हे बंद. सात म्हणजे सात. एक मिनिट आधी नाही. खालपर्यंत कळवा."

"येस सर," तिघं एकदम म्हणाले.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून गेले होते. बाजार बंद झाला होता. मी पावणेसहाची वीज घेऊन बसले होते आणि माझ्याच तोंडानं पावणेसहाचे पाहुणे परत पाठवले होते. तीन महिन्यांत मी एकदाच तोंड उघडलं, आणि ते हे.

गाडीत सर खुशीत होते. "बाळ, लय भारी बोललीस! ते पाहुण्यांचं मला नाय कळलं, पण भारी." मी त्यांना बोलीबद्दल सांगितलं. द्वारका चौकाच्या सिग्नलला सर म्हणाले, "मॅडम, ताईंबरोबर उद्या दुपारी एक-दोन कारखाने बघून या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पांघरुणात लॅपटॉप घेऊन बसले. मीटरचा आकडा थेट दिसतो. बाहेर कडाक्याची थंडी होती. आई उठून आली आणि दारात उभी राहिली.

"एवढ्या पहाटे कोणाशी बोलतेयस?"

"कोणाशी नाही. आलेख बघतेय."

"मुलगा आहे का कोणी? सांग ना, मी काही म्हणणार नाही." तिच्या आवाजात आशा होती. आई पलंगावर बसली आणि स्क्रीनकडे बघायला लागली. रेघ आडवी पडली होती. पावणेसहा व्हायला आले होते. मी मनात म्हणत होते, काय शेठ, आज चहा नाही का पाजणार.

पावणेसहाला रेघ उचलली गेली. सहाला आणखी. सव्वासहा, साडेसहा, पावणेसात. माझ्या जिन्यावर पाऊल ठेवत ठेवत छावणी वर चढत गेली. माझी रेघ आणि त्यांची रेघ यांच्यात बोट घालायला जागा नव्हती.

"हा काय, चांगला मुलगा दिसतोय," आई म्हणाली. "वेळेवर आला." आणि चहा टाकायला गेली.

काय झालं होतं, ते मला दुपारी कळलं. आलेख बघून सरांनी माझी कारखान्यांची फेरी रद्द केली होती. सुभेदारांचा फोन ऑफिसात आला आणि ताई कारखान्यात असल्यानं मला उचलावा लागला.

"ताई, ऑर्डर आम्हाला मिळाली ना," ते म्हणाले. "सात म्हणजे सात. मेजरसाहेब म्हणाले, सातला कोणी मागे राहिला तर गय नाय. मी हवालदारांना म्हटलं, सातचं नवीन शे, पहिल्याच दिवशी लेट नको, नेहमीसारखं या. ब्रिगेडियरसाहेब स्वतः सहा वाजताच मैदानावर येऊन उभे. म्हणे, कोणी सातच्या आधी येतंय का ते बघतो."

"मग?"

"सगळे हजर होते."

"साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, चहा आणा."

छावणीचं काम टिकलं. माझं टेबलही टिकलं. ताईंच्या जागी सरांनी लासलगावकडचा एक मुलगा घेतला. तो कांद्याच्या लिलावात वाढलाय आणि झोपेतही बोलतो. पण करार पक्का करताना ब्रिगेडियरसाहेबांनी त्यात एक अट घातली. कार्यक्रम काय ते सांगता येणार नाही, पण चहा काही गुपित नाही. म्हणून अंदाज बांधणाऱ्या मुलीनं रोज सकाळी सुभेदारांना फोन करून उद्याचा पहिला चहा कितीला निघणार ते विचारायचं. मेल नाही, फोन. मुलीनं स्वतः.

मला मार्केटिंग टाळायचं होतं, ते टळलं. त्याऐवजी मी रोज एका मिशीवाल्या माणसाला फोन करून विचारते, "सुभेदारसाहेब, उद्या चहा कितीला?" सुरुवातीला चार वेळा म्हणून बघायचे, आता एकदाच बघते. फोन साडेदहाला करायचा ठरलं होतं. ते सव्वादहापासूनच फोनजवळ बसतात असं कळलं, तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं आणि मी सव्वादहाला करायला लागले. मग ते दहाला बसायला लागले. सध्या आम्ही सव्वानऊवर आहोत. ऑफिस साडेनऊला उघडतं, त्यामुळे मी फोन जिन्यातूनच करते. परवा पहिल्या रिंगलाच उचलून ते म्हणाले, "ताई, आज जरा उशीर झाला का?"